जर्सी क्रॉसच्या गोऱ्ह्याला भाव का नाही, आणि वळू कुठला लावावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आयर्लंडमध्ये टिपररीतल्या एका डेअरी फार्मवर तुम्ही कामाला आहात. पावणेदोनशे गायी, बहुतेक होल्स्टीन-फ्रिजियन आणि जर्सीच्या संकरातल्या. दुधाला फॅट-प्रोटीन शेजाऱ्यांना हेवा वाटावा असं लागतं, पण मार्टच्या (जनावरांच्या लिलाव-बाजाराच्या) रिंगणात तुमचा गोऱ्हा आला की बोली लावायला कुणी हात वर करत नाही. यंदा मालकाने रेतनाचं काम तुमच्याकडे सोपवलंय. मांसाची प्रत रक्तावर ठरते की चाऱ्यावर, कुठल्या जातीचा वळू लावला तर वासरं खपतील, आणि यातलं काही आपल्या गावाकडे उपयोगी पडेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी शिरवळला पशुवैद्यक शिकलो आणि आता कॉर्कमध्ये शेतकऱ्यांना पैदाशीचे सल्ले देतो. विषय कत्तलीचा आहे, आपल्याकडच्या माणसाला त्यावर बोलताना अवघडायला होतं, हे मी समजू शकतो. पण इथल्या दूधधंद्यात प्रत्येक वासराला पुढे एक गिऱ्हाईक लागतं. ज्या वासराला गिऱ्हाईक नाही त्याच्या चिकाकडे, औषधाकडे, गोठ्यातल्या ओलीकडे कुणी लक्ष देत नाही. त्यामुळे हा प्रश्न टाळून वासराचं भलं होत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे. इथे वळू निवडतो एक आणि मांस विकतो दुसराच. तुम्ही वासरू तीन-चार आठवड्यांचं असताना मार्टला नेता. घेणारा ते दोन वर्षं चारतो आणि फॅक्टरीला, म्हणजे कत्तलखान्याला, घालतो. वळू निवडताना दूधवाला काय बघतो? गाय सुखरूप व्यायली पाहिजे, गर्भकाळ आठवडाभर लांबता कामा नये, आणि दुसऱ्या दिवशी ती दूध काढायच्या पार्लरमध्ये उभी राहिली पाहिजे. दोन वर्षांनी त्या वासराचं वजन किती भरेल हे त्याच्या वहीत कुठेच नसतं. म्हणून वर्षानुवर्षं दूधवाल्यांनी अँगस आणि हेरफर्ड या मांसाच्या जातींमधले असे वळू उचलले ज्यांची वासरं जन्मताना लहान, आणि नंतरही लहानच. २०१५ च्या मार्चअखेर युरोपातला दुधाचा कोटा (उत्पादनावरची मर्यादा) उठला, इथल्या गायी वाढल्या, गायींमागे वासरं वाढली, आणि घेणाऱ्यांना निवडीला वाव मिळाला. दोन-चार हंगामात हात पोळले की माणूस शिकतो. आता तो रिंगणात वासराच्या मागे उभा राहून कमरेची रुंदी बघतो, पायाच्या नळीचं हाड बघतो, नाकाभोवतीची ती जर्सीची फिकट कड बघतो आणि गप्प बसतो.

आता प्रत म्हणजे काय ते बघू, कारण या शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि त्यांची गल्लत झाली की निर्णय चुकतो.

कातडं, डोकं, खूर आणि आतडी काढल्यावर हुकाला जे टांगलं जातं त्याला इथे कारकस म्हणतात. पहिली गोष्ट त्याचं वजन. दुसरी त्याचा घाट आणि वरची चरबी. युरोपभर यासाठी एकच मोजपट्टी आहे: घाटासाठी ई, यू, आर, ओ, पी ही पाच अक्षरं आणि चरबीसाठी १ ते ५ आकडे. ई म्हणजे मांडी-पुठ्ठा फुगलेला, पी म्हणजे खपाटीला गेलेला. आयर्लंडमध्ये प्रत्येक अक्षराचे पुन्हा अधिक, बरोबर, उणे असे तीन भाग करतात. हे काम माणूस करत नाही. कारकस लाइनवरून सरकताना कॅमेरा त्याचा फोटो घेतो आणि मशीन ग्रेड छापतं. आर-बरोबर हा मधला भाव. तिथून एकेक पायरी खाली उतरलं की किलोमागे काही सेंट कमी, वर चढलं की जास्त. तिसरी गोष्ट ताटातली: मऊपणा, रस, चव. गंमत म्हणजे तिसऱ्या गोष्टीचा या मोजपट्टीत एक पैसाही मिळत नाही. ऑस्ट्रेलियात खाणाऱ्याच्या जिभेवर आधारलेली वेगळी प्रतवारी आहे, तिथे हिशेब निराळा होतो. तुम्ही आयर्लंडमध्ये आहात, तेव्हा तुमच्या वासराचा भाव वजन आणि घाट यांवर ठरणार.

एकदा फॅक्टरीच्या चिलरमध्ये जाऊन दोन कारकस शेजारीशेजारी बघा, मालकाची ओळख असेल तर आत सोडतात. होल्स्टीनचं कारकस लांबलचक, मांडीची बाहेरची रेघ आत वळलेली, खुब्याचं हाड वर आलेलं, कमरेवर मांसाची पट्टी अरुंद. त्याच्या शेजारी बेल्जियन ब्लू या मांसाच्या जातीच्या क्रॉसचं असेल तर तीच रेघ बाहेर फुगलेली दिसते. वजन दोन्हींचं सारखं असलं तरी पहिल्यात हाड जास्त, दुसऱ्यात मांस जास्त. आणि पहिल्याच्या पोटात बघितलंत तर मूत्रपिंडाभोवती चरबीचा मोठा गोळा दिसतो. दुधाच्या जाती चरबी कातडीखाली कमी आणि पोटात जास्त साठवतात. ते त्यांच्या दृष्टीने शहाणपणाचंच आहे. व्यायल्यावर पहिले दोन महिने गाय जितकं खाते त्याहून जास्त दुधातून देते, तेव्हा तिला लगेच वितळणारा साठा लागतो. पिढ्यान् पिढ्या ज्या गायी असा साठा करून दूध देऊ शकल्या त्यांच्याच पोटची वळवं निवडली गेली. गोऱ्हा दूध देत नाही, पण त्याला आईचीच जनुकं मिळतात. पोटातली ही चरबी लाइनवरच काढून टाकतात, तिचे पैसे शेतकऱ्याला मिळत नाहीत.

यातूनच उताऱ्याचा मुद्दा येतो. उसाचं टनेज कितीही भरलं तरी साखर कारखाना उतारा विचारतो, तसंच इथे. जिवंत वजनातलं किती टक्के हुकावर आलं? होल्स्टीनच्या बैलाचा (खच्ची केलेला गोऱ्हा, इथे त्याला स्टिअर म्हणतात) उतारा साधारण ५० ते ५२ टक्के. अँगस किंवा हेरफर्ड क्रॉसचा एखाद-दोन टक्के वर. लिमोझिन, शॅरोले, बेल्जियन ब्लू यांच्या क्रॉसचा ५४-५५ च्या आसपास. फरक किरकोळ वाटतो. पण ६०० किलोच्या जनावरावर चार टक्के म्हणजे २४ किलो मांस, आणि तेही दोन वर्षांच्या त्याच चाऱ्यात. जर्सीचं रक्त आलं की दोन्हीकडून मार बसतो: जिवंत वजन कमी आणि उतारा कमी. धरा, ४९० किलोचा जर्सी क्रॉस बैल ५० टक्क्यांनी उतरला तर हुकावर २४५ किलो. मोठ्या दुकानांना साधारण २८० ते ३८० किलोच्या पट्ट्यातलं कारकस हवं असतं, कारण त्यांचे स्टेकचे तुकडे ठरलेल्या ट्रेमध्ये बसले पाहिजेत. हे त्या पट्ट्याबाहेर, आणि वर ग्रेड पी.

जर्सीची आणखी एक खोड म्हणजे पिवळी चरबी. गवतातलं कॅरोटीन बाकीच्या जाती शरीरात मोडून टाकतात, जर्सी आणि गर्न्सी ते कमी मोडतात. म्हणून त्यांचं लोणी सोनेरी आणि चरबीही सोनेरी. न्यूझीलंडमधल्या संशोधकांना यामागच्या एका जनुकातला बदल सापडलाय, बीसीओ-२ नावाचा. ज्या जनावरात त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात त्याची चरबी गडद पिवळी होते. चवीला काही वाईट नाही, पण गिऱ्हाइकाला पिवळी चरबी म्हणजे म्हातारी गाय वाटते. मांसाचा वळू लावला की वासराला त्या जनुकाची एक चांगली प्रत मिळते, त्यामुळे ही अडचण पहिल्याच पिढीत बरीचशी निवळते.

जर्सीवर अन्याय नको म्हणून हेही सांगतो: तिचं मांस मऊ असतं आणि स्नायूंच्या आत चरबीच्या बारीक रेघा चांगल्या पडतात. खायला बसलात तर पी ग्रेडच्या जर्सीचा स्टेक यू ग्रेडच्या दणकट जनावराला सहज मागे टाकेल. पण कॅमेऱ्याला जीभ नाही.

आता रक्त की चारा. दोन्ही, पण सारख्या प्रमाणात नाही आणि सगळ्या गुणांत सारखं नाही. एकाच कळपात, एकाच चाऱ्यावर वाढलेल्या जनावरांत कारकसच्या वजनातला जो फरक दिसतो त्यातला साधारण ४० टक्के वाटा आनुवंशिक असतो. घाट आणि चरबीत तो ३० च्या आसपास. तुलनेसाठी, गाय वेळेवर गाभण राहण्याच्या गुणात तोच वाटा पाचाच्याही खाली असतो. म्हणजे पैदाशीतून कारकस सुधारणं हे प्रजनन सुधारण्यापेक्षा कितीतरी सोपं काम आहे. चरबीचा थर मात्र चारा, वय आणि खच्चीकरण यांनी खूप हलतो, आणि मऊपणाचं तर विचारूच नका. कॅल्पेन आणि कॅल्पास्टॅटिन अशी एक जोडी आहे, पहिलं स्नायू मऊ करतं आणि दुसरं त्याला आवर घालतं. त्यांची जनुकं ओळखीची आहेत, त्यांच्या चाचण्याही विकल्या गेल्या. पण कारकस किती वेगाने थंड केलं, किती दिवस टांगून ठेवलं, जनावर फॅक्टरीत घाबरून आलं की शांतपणे, यांचा परिणाम त्या जनुकांपेक्षा मोठा. या चाचण्यांसाठी पैसे मागायला कुणी आलं तर हात जोडा.

चाऱ्याबद्दल एकच सांगतो, कारण ते तुमच्या हातात आहे. पहिलं दूध, दोन तासांच्या आत, निदान तीन लिटर. हा चिकाचा नियम पाळला नाही तर न्यूमोनिया झालेल्या वासरात कितीही भारी वळूचं रक्त असो, ते फुकट जातं.

आता सगळ्यात जास्त गैरसमज असलेला भाग: एकच ‘मांसाचं जनुक’ असतं का? एका बाबतीत हो. १९९७ मध्ये मायोस्टॅटिन सापडलं. हे जनुक स्नायूंच्या वाढीला लगाम घालतं. आधी उंदरात कळलं, आणि त्याच वर्षी बेल्जियन ब्लूमध्येही तेच जनुक मोडलेलं आहे हे सिद्ध झालं. तिथे ११ अक्षरांचा तुकडाच गळून गेलाय, लगाम सुटला आणि दुहेरी पुठ्ठ्याची ती प्रसिद्ध जनावरं तयार झाली. शुद्ध बेल्जियन ब्लूमध्ये दोन्ही प्रती मोडलेल्या असतात, आणि त्यांच्या बहुतेक गायींची वासरं पोट फाडून काढावी लागतात. तुमच्या गायीला हा वळू लावला तर वासरात एकच प्रत मोडकी येते. त्यामुळे पुठ्ठा भरतो, चरबी कमी होते, उतारा वाढतो आणि वासरू अडण्याचा धोका शुद्ध जातीइतका राहत नाही. तरी तो धोका शून्य होत नाही. लिमोझिनमध्ये याच जनुकातला एक सौम्य बदल आहे, तिथे लगाम सुटत नाही, फक्त सैल होतो. मांस वाढतं आणि व्यायला त्रास फारसा वाढत नाही. मला वैयक्तिक हा बदल फार आवडतो. फक्त लिमोझिनची वासरं गर्भात आठवडाभर जास्त राहतात आणि काही वळवांची पोरं तापट निघतात, तेव्हा स्वभावाचा आकडा बघितल्याशिवाय घेऊ नका.

पण हे अपवाद. बाकी सगळं हजारो छोट्या जनुकांचं काम आहे. त्यातली काही मोठी नावं, उदाहरणार्थ सहाव्या गुणसूत्रावरचा एलसीओआरएल-एनकॅपजी हा पट्टा, कारकसचं वजन वाढवतात आणि त्याच दमात जन्माचं वजनही वाढवतात. म्हणून नुसतं भारी कारकस मागितलं की अडलेल्या गायी आपोआप वाढतात. चांगला वळू तो, ज्याची वासरं जन्मताना लहान आणि नंतर जोरात वाढणारी. असे वळू कमी असतात, पण असतात, आणि ते शोधायचे तर आकड्यांशिवाय मार्ग नाही.

हे सगळं म्हणण्याचा अर्थ असा की ‘कुठल्या जातीचा वळू’ हा प्रश्नच मी तुमच्या हातातून काढून घेणार आहे. जातींमध्ये फरक आहे, पण एकाच जातीतल्या वळवांमध्ये जो फरक आहे तो बघून माणूस चक्रावतो. चांगला अँगस वाईट लिमोझिनला कारकसच्या वजनात सहज मागे टाकतो. आयर्लंडमध्ये २०१९ पासून दुधाच्या गायींवर लावायच्या मांसाच्या वळवांसाठी वेगळा निर्देशांक आहे, डेअरी बीफ इंडेक्स. त्यात व्यायला त्रास, गर्भकाळ, कारकसचं वजन, घाट, चरबी, चाऱ्याचा खप, स्वभाव, बिनशिंगी असणं हे सगळं युरोत मोडून एका आकड्यात घातलेलं असतं. आयसीबीएफ ही इथली गुरांच्या पैदाशीची संस्था तो काढते. तुम्हाला मिळालेल्या कॅटलॉगमध्ये तो असणारच.

पण नुसता शेवटचा आकडा बघून थांबू नका. एकूण आकडा चांगला असलेला वळू कधीकधी फक्त सोप्या व्यायण्यामुळे वर आलेला असतो आणि कारकसमध्ये उणे असतो. नेमका तोच वळू दूधवाले डोळे झाकून उचलतात, आणि मार्टमध्ये बोली का थांबली त्याचं उत्तर तिथेच सापडतं. त्यामुळे व्यायण्याचा भाग आणि मांसाचा भाग वेगळे वाचा. व्यायण्याच्या त्रासाचा टक्का कालवडींसाठी वेगळा आणि गायींसाठी वेगळा दिलेला असतो, तोही बघा. शेजारी विश्वासार्हतेचा टक्का असतो. तो कमी असेल तर पुढच्या वर्षी वळूचा आकडा बराच हलू शकतो, म्हणून अशा एकाच वळूवर सगळा कळप टाकू नका, चार-पाचांत वाटा.

आता तुमच्या कळपाकडे येतो. इथे काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत: दरवर्षी किती कालवडी ठेवता, सगळी वासरं मार्टलाच जातात की एखादा ठरलेला घेणारा आहे, आणि मालकाला जर्सीचं रक्त पुढेही ठेवायचंय का. मी मधला अंदाज धरून सांगतो.

वर्षाला चाळीसेक कालवडी लागत असतील तर त्या लिंगनिर्धारित सीमेनने आधी पदरात पाडून घ्या. त्यातून दहातली नऊ वासरं मादी होतात. गर्भधारणा साध्या सीमेनपेक्षा थोडी कमी लागते, म्हणून पहिल्या तीन आठवड्यांत, कालवडींवर आणि लवकर व्यायलेल्या, नीट माजावर येणाऱ्या तरुण गायींवरच वापरा. निम्म्या गाभण राहिल्या असं धरलं तर नव्वदेक रेतमात्रा पुरतात. वेळ मात्र सांभाळा: साध्या सीमेनला सकाळी माज दिसला की संध्याकाळी भरणं ठीक, लिंगनिर्धारितला माज सुरू झाल्यापासून १४ ते २० तासांत भरा, त्या आधी नको. याचा दुसरा फायदा असा की जर्सी क्रॉसचे दुधाळ गोऱ्हे जवळपास जन्मालाच येत नाहीत. तुमचं निम्मं दुखणं इथेच संपतं.

उरलेल्या गायी मांसाच्या वळूला. हंगामाच्या सुरुवातीला, ज्या गायी मोठ्या, तीन-चार वेतांच्या आणि सहज व्याणाऱ्या आहेत, त्यांच्यावर जास्त कारकसचे वळू टाका. सोपे व्याणारे निवडलेले बेल्जियन ब्लू, लिमोझिन, किंवा अँगसमधले कारकसला वरचे. जर्सी क्रॉस गाय अंगाने लहान दिसते पण व्यायला चिवट असते, तेव्हा उगाच घाबरून सगळ्यांना सगळ्यात लहान वासराचा वळू देऊ नका. तुमच्या वासरात आईकडून वजन आणि घाट कमीच येणार आहे. त्याला बापाकडून भरपाई हवी, बापही हलका असेल तर पी ग्रेडपासून सुटका नाही. पहिलारू कालवडींच्या बाबतीत मात्र अजिबात धाडस नको. तिथे व्यायण्याच्या त्रासाचा टक्का सगळ्यात कमी असलेला वळू लावा, कारकस विसरा. अडलेली पहिलारू पुन्हा वेळेवर गाभण जात नाही, आणि तिच्या एका वासराच्या नफ्यापेक्षा तो तोटा कितीतरी मोठा.

हंगामाच्या शेवटी गर्भकाळ कमी असलेले वळू घ्या, म्हणजे उशिरा भरलेल्या गायी फार मागे पडणार नाहीत. आणि रेतनाने गाभण न राहिलेल्या गायींसाठी शेवटच्या आठवड्यांत कुरणात जो साफसफाईचा वळू सोडतात, त्याच्याकडे लक्ष द्या. बहुतेक ठिकाणी कोणी शेजाऱ्याकडून आणलेला, आकडे नसलेला, ‘दिसायला बरा’ वळू असतो. जून-जुलैमध्ये भरलेल्या मागच्या गायींची वासरं त्याचीच. मार्टमध्ये नाव खराब होतं ते या वासरांमुळे.

हे करूनही आईचा अर्धा वाटा राहतोच. तो बदलायचा तर पुढच्या दुधाळ वळवांच्या निवडीत बघावं लागेल. २००१ पासूनचा इथला दुधाचा निर्देशांक, इबीआय, त्यातही मांसाचा एक छोटा भाग असतो. छोटा म्हणून सगळे तो पान उलटून पुढे जातात. ८०-९० च्या दशकांत अमेरिकन होल्स्टीनचं रक्त इथे भरभरून आलं आणि जुना, आखूड पायाचा, अंगाने भरलेला ब्रिटिश फ्रिजियन मागे पडला. दूध वाढलं, गोऱ्ह्यांचा घाट गेला. ते सगळं उलटं फिरवायला कुणी सांगत नाही. दुधाच्या आकड्यात बरोबरीचे दोन वळू असतील तर मांसाच्या भागात वरचा उचला, इतकंच. त्याचा परिणाम दिसायला कालवड गाय होऊन तिचं वासरू विकलं जाईपर्यंत तीन-चार वर्षं जातील. मालक उतावळा असेल तर हे त्याला आधीच सांगून ठेवा.

राहता राहिला मार्टचा घेणारा. त्याला तुमच्या वासराचा बाप कळायला हवा. आता वासरांना कमर्शियल बीफ व्हॅल्यू नावाचा, मांसासाठीच्या किमतीचा आकडा मिळतो आणि तो मार्टच्या फलकावर दिसतो. वासराच्या कानाचा ऊतीचा नमुना टॅग मारतानाच घेऊन जनुकतपासणी केली तर बाप पक्का ठरतो आणि आकड्यावर विश्वास बसतो. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय जनुकतपासणी कार्यक्रमात तुमचा मालक आहे का विचारा, नसेल तर कसं येता येईल याची चौकशी करा. आधी काळा रंग आणि बिनशिंगी डोकं म्हणजे अँगस असा सरळ हिशेब होता, आणि काळं वासरू काही वेळा भलत्याच बापाचं निघायचं. आता फलक बघून बोली लागते. ज्याने आधीच्या हंगामात आकडे बघून वळू लावले, त्याला तीन आठवड्यांच्या वासरातच त्याची फेड मिळायला लागली आहे. रेतन करणारा आणि मांस विकणारा यांच्यामधली फट बुजायची तर ती इथूनच बुजेल. शक्य असेल तर दोन-तीन घेणाऱ्यांशी थेट बोला. तुमची वासरं नेणाऱ्याला दोन वर्षांनी फॅक्टरीच्या पावतीची नक्कल मागा. कोणत्या बापाचं वासरू किती किलोला आणि कुठल्या ग्रेडला उतरलं हे कळलं की पुढच्या वर्षीचा कॅटलॉग तुम्ही वेगळ्या डोळ्यांनी वाचाल.

शेवटचा प्रश्न, गावाकडचा. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे होल्स्टीन किंवा जर्सी क्रॉसच्या गोऱ्ह्याच्या कारकसचा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. ट्रॅक्टर आल्यापासून त्याला औतालाही कुणी घेत नाही. तिथे यातलं एकच कामाचं आहे, लिंगनिर्धारित सीमेन, म्हणजे गोऱ्हे जन्मालाच कमी येतील. म्हशीचं मात्र वेगळं आहे. रेड्यांना बाजार आहे, निर्यात आहे, आणि मुऱ्हा किंवा पंढरपुरीच्या पारड्यांचं वजन, उतारा, हाड-मांस हे गुणही रक्तातूनच येतात. पण आपल्याकडे म्हशीचा वळू फक्त दुधावर निवडला जातो, आणि पारडूही पुष्कळ ठिकाणी दुधाच्या हावेपोटी उपाशी मरतं. तिथे आनुवंशिकतेच्या आधी पारड्याच्या तोंडी पुरेसं दूध जायला हवं.

इथे कळपांत एप्रिलअखेर रेतन सुरू होतं. त्याआधी मला तीन गोष्टी कळवा: गेल्या वर्षी वापरलेल्या मांसाच्या वळवांचे कोड, किती गायी अडल्या आणि त्यातल्या पहिलारू किती, आणि साफसफाईचा वळू कुठून आणता. कोड मिळाले की त्यांचे मांसाचे आकडे काढून देतो. बहुधा त्यातले निम्मे उणे निघतील.